तेग्लॉ

छत्रीबागेतल्या घरावरची कवेलू उतरवत होते
तेव्हा सून म्हणाली, वीट म्हणजे तेग्लॉ.
एक फुटकं कवेलू हातात घेऊन इल्दिको
उलटंसुलटं बघत होती, जणू मागे तारीख असेल.
कवेलू म्हणजे कौल, मी सांगितलं, पुण्याकडे म्हणतात.
इंदुरात कौल म्हटलं तर गवंडी विचारतो, कुणाचा?

शब्द रोमन लोकांचा. तिकडे ती कौलच होती,
टेगुला, स्त्रीलिंगी, छपरावर राहणारी.
टेगेरे म्हणजे झाकणे, त्यातून झाली.
मग वाटेत कधीतरी छपरावरून उतरली
आणि भिंतीत जाऊन बसली.
हंगेरीच्या सीमेवर लिंग ठेवून घेतलं म्हणे.
तिथे तो आणि ती, दोघांना मिळून एकच अक्षर,
म्हणून इल्दिको अजून म्हणते, "बाबा आली."
शेजारच्या कानूनगोकाकू पदर तोंडाला लावतात.
मी दुरुस्त करत नाही.
मीच तिला सांगून बसलोय की ती वीट रचायची असते
आणि तो वीट यायचा असतो.
तेव्हापासून ती कुठलंही लिंग
गरम पातेल्यासारखं दोन चिमट्यांनी उचलते.

नगर निगमात, भवन अनुज्ञा शाखेत, एकतीस वर्षं काढली.
टेबलावर लाकडी मुठीचा शिक्का होता : स्थगित.
श्रीरंगने रात्री कोश उघडून वाचलं,
स्थगितमधला स्थग् आणि लॅटिनचा टेगेरे एकाच घरचे.
स्थग् म्हणजेही झाकणे. आपला ठगसुद्धा त्यातलाच.
सगळे हसले, मीही हसलो
आणि हात पायजम्याला पुसला,
जरी शाई सुटून बारा वर्षं झालीत.

"आणि तेग्लॉ माणूससुद्धा," इल्दिको म्हणाली,
"आपल्यातच बसते, विटेसारखी,
आणि पोलिसांना आतलं सांगते.
तुमच्याकडे काय म्हणतात?"
खबऱ्या, श्रीरंग म्हणाला.
मी म्हटलं, चहा ठेवतो.

सत्त्याऐंशीत चौकशी बसली.
मुळ्यांच्या खणात, तळाच्या कागदाखाली यादी आहे
हे साहेबांना कुणी सांगितलं, कधीच कळलं नाही.
यादी खरी होती.
पावसाळ्यानंतर मला मिळालेली खुर्चीही खरी होती.
मुळे घरी बसले आणि पुढे वीस वर्षं
दिवाळीला चकल्यांचा डबा पाठवत राहिले.
रिकामा डबा परत द्यायला मी दरवेळी मुलाला धाडला.

आता जेवणानंतर शिकवणी असते.
शेवटी ओठ गोल ठेवायचे, तेग्लॉ,
शब्द एकटा आहे तोवर.
मागे काही चिकटलं की तो स्वर बदलतो.
तेग्लात, विटेला. तेग्लाबोल, विटेतून.
हे तर आपलं सामान्यरूप, मी म्हणतो,
घोडा, घोड्याला. प्रत्यय यायच्या आधी शब्द जरा वाकतो.
"वाकत नाही, बाबा," ती म्हणते. "तोंड उघडते."

मराठीत माझी आधी येते आणि सुटी उभी राहते.
माझी. वीट.
मधे हवी तेवढी जागा सोडता येते,
मी सोडली आहे.
तिच्याकडे माझेपणा शब्दाच्या पाठीला डसतो,
एकच म, आणि तो काढता येत नाही :
तेग्लाम.

खाली गवंडी उद्यासाठी विटा भिजवतोय.
हौदात टाकली की प्रत्येक वीट
थोडा वेळ बुडबुडे सोडते,
आतली कोरडी हवा,
मग तळाशी जाऊन गप्प.

"म्हणा ना, बाबा."
तेग्लाम, मी म्हणतो.
"छान," इल्दिको म्हणते. "पुन्हा."